झारी दादाच्या हातात राहू द्या

पत्र : माझा मोठा भाऊ ३८ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी पडल्यामुळे त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. खांदे आणि कोपर हलतात, मनगट वर उचलता येतं, पण मूठ वळत नाही. पूर्वी त्याला झाडांची फार आवड होती. थेरपिस्टनी बागकाम सुचवलं म्हणून आम्ही हौसेने बाल्कनीत १५ कुंड्या आणल्या. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून झारी पडली, माती सांडली, एक रोप मोडलं. आई म्हणाली, "राहू दे रे, मी करते." आता सगळ्या कुंड्यांना आईच पाणी घालते. झाडं छान आहेत आणि दादा दार लोटून आत बसतो. परवा म्हणाला, "हे सगळं तुमच्या समाधानासाठी चाललंय." बागकामाने खरंच काही फरक पडतो का, की ही नुसती मनाची समजूत? आणि पडत असेल तर आमचं चुकलं कुठे?
– एक बहीण

प्रिय ताई,

दादाचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्हाला ते लागलं असणार, पण त्यात थोडी वाटही दिसते. बाग नको, असं तो म्हणालेला नाही. ही बाग माझी नाही, एवढंच म्हणाला. आणि ते खरं आहे, ती आज आईची बाग आहे.

आधी तुमचा पहिला प्रश्न. मातीत हात घातल्याने मज्जारज्जूची इजा भरून येत नाही, आणि तशी आशा कुणी लावत असेल तर त्याच्या नादी लागू नका. पण मनावरचा ताण हलका होणं, उदासी कमी होणं, खांदे आणि हात कामात राहणं, दिवसाला काही घडी बसणं, या बाबतीत फायदा झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यातले पुष्कळसे अभ्यास मोजक्या लोकांवर केलेले आहेत, म्हणून इतक्या आठवड्यांत इतका फरक, असं मी तुम्हाला लिहून देणार नाही.

एक प्रयोग मात्र तुमच्या घराशी इतका जुळतो की तो सांगायलाच हवा. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात तो केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, की खोली कशी लावायची, सिनेमा कधी बघायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. एक रोप घेऊ शकता. हवं असेल तर निवडा, आणि घेतलंत तर त्याची काळजी तुमची. दुसऱ्या मजल्यावरही प्रत्येकाला रोप दिलं, पण सांगितलं की पाणी नर्स घालतील. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत, जास्त हिंडते-फिरते आणि खुशीत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बहुतेकांची प्रकृती तेवढ्या दिवसांत उतरली होती. प्रयोग छोटा होता, आणि फरक एकट्या रोपाने पडला असंही नाही, कारण इतर निर्णयही त्यांच्याच हाती दिले होते. पण रोप दोन्ही मजल्यांवर होतं, ताई. पाणी कोण घालणार, हे वेगळं होतं.

त्याच्याही खूप आधी, १८१२ साली, अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रश यांनी मनोविकारांवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं होतं, की रुग्णालयात लाकडं तोडायला, शेकोटी पेटवायला, बागेत खणायला मदत करणारे रुग्ण पुष्कळदा बरे होतात. बागकामाच्या उपचारांविषयी बोलताना लोक ही नोंद हमखास सांगतात. तिचा पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. वरच्या घरातले म्हणून ज्यांना अशा कामातून सूट मिळते ते तिथेच खितपत पडतात, असं रश पुढे लिहितात. तुमच्या घराने दादाला प्रेमापोटी हीच सूट देऊन टाकली आहे.

आईला दोष देऊ नका. मुलाच्या हातून झारी निसटताना बघणं तिला सोसवत नाही, म्हणून ती पुढे होते. पण दादाला त्या "राहू दे रे" मधून काय ऐकू जात असेल याचा विचार करा. तुझ्यावाचून काही अडत नाही, हेच ना? ज्याच्या हातून नोकरी गेली, चालणं गेलं, दाराची कडी लावणंही गेलं, त्याला कुंड्यांच्या निमित्ताने हे पुन्हा ऐकावं लागलं.

मी बरीच वर्षं एका पुनर्वसन केंद्रात काम केलं. तिथला एक तरुण मला आठवतो, इजा साधारण तुमच्या दादासारखीच. टेबलावर ओला टॉवेल पसरला होता आणि त्यावर घेवड्याचं बी. त्याने मनगट सैल सोडलं, तशी बोटं उघडली. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक बी येईल असा हात टॉवेलवर टेकवला आणि मनगट हळूच मागे, वरच्या बाजूला उचललं. बोटं आपोआप आत वळली आणि बी चिमटीत अडकलं. हात ट्रेच्या खणावर नेला, मनगट पुन्हा सैल सोडलं. बी खणाच्या बाहेर पडलं. दुसरंही बाहेर. तिसरं काठावर आपटून आत गेलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण एकेक बी उचलून खणात टाकायचा मोह मलाही आवरत नव्हता. बारा खण भरायला चाळीस मिनिटं लागली. त्याने मला विचारलं, "यातली किती उगवतील?" मी म्हटलं, "आठ-नऊ." तो म्हणाला, "मग नांग्या भरायला थोडं बी बाजूला ठेवा." न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोकायचं काम त्याने पुढच्या आठवड्यासाठी ठरवूनही टाकलं होतं.

मनगट उचललं की बोटं मिटतात, ही पकड तुमच्या दादालाही जमण्याजोगी दिसते. बोटं वळवणारे स्नायूबंध थोडे आखूड राहिले तरच ती टिकते. म्हणून व्यायाम देताना मनगट मागे आणि बोटंही ताठ, असं दोन्ही एकाच वेळी ताणू नका. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना 'बी उचलायचंय, कसं उचलू' असं नेमकं विचारा. 'बागकाम कसं करू' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, बी उचलण्याला मिळतं.

आता माझं स्पष्ट मत. त्या १५ कुंड्या विसरा, आईलाच राहू द्या. तिलाही बाग हवीच आहे. दादासाठी रोपवाटिका सुरू करा. बारा इंची कुंडी ओल्या मातीनिशी २० किलोच्या आसपास जाते. ती दादाला ढकलता येणार नाही, फिरवता येणार नाही, तिच्या पलीकडच्या बाजूला हातही पोचणार नाही. बारा खणांचा रोपांचा ट्रे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून एक-दीड किलोचा होतो आणि मांडीसमोर टेबलावर मावतो. बी टोकणं, फांद्या लावणं, तयार रोप मोठ्या कुंडीसाठी सोपवणं, ही सगळी कामं छोट्या वजनाची आणि नजरेसमोरची आहेत. शिवाय त्यातून रोपं तयार होतात आणि रोपं लोकांना हवी असतात. "मला दोन झेंडूची दे ना" असं शेजारच्यांनी दादाला म्हणणं आणि आपण त्याला "बरं वाटेल, झाडांत मन रमव" म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टेबल नीट बसवा, अर्धं काम तिथेच होतं. दादा नेहमीच्या गादीसह खुर्चीत बसलेला असताना मोजा, अंदाजाने नको. गुडघे आत जायला खाली साधारण ७० सेंटीमीटर उंची आणि निदान ४५ ते ५० सेंटीमीटर खोली मोकळी लागते. वरचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीला आला की खांदे दुखत नाहीत. पोटा-पाठीचे स्नायू साथ देत नसतील तर पुढे वाकताना तोल जातो, म्हणून छातीचा पट्टा लावा आणि सगळं सामान कोपर टेबलावर टेकवून हात पोचेल एवढ्याच टप्प्यात ठेवा. कडा असलेला मोठा ट्रे खाली घ्या, माती त्यातच सांडेल. माती सांडणं ही काही चूक नाही. मी तीस वर्षं बागकाम करतेय, माझ्याही हातून रोज सांडते.

ज्या पट्ट्यात चमचा किंवा पेन अडकवून तो जेवतो, लिहितो, त्याच पट्ट्यात लाकडी चमचा, छोटं खुरपं किंवा भोक पाडायला पेन्सिल बसते. नवी महागडी हत्यारं आधी घेऊ नका. कोकोपीट किती ओलं हवं हे त्याला मुठीत दाबून बघता येणार नाही, तळहाताने दाबून बघता येईल. दाबल्यावर एखाद-दोन थेंब सुटले की पुरे. मात्र कमी संवेदना असलेल्या तळहाताला ओल कळत नसेल तर हाताची मागची बाजू किंवा मनगटाच्या वर जिथे कळतं ती जागा वापरू द्या.

पाण्याचं तर तुमचं बिनसलं तिथूनच. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, पाच लिटरची झारी मूठ न वळणाऱ्या हातात राहीलच कशी? ट्रेखाली पसरट तबक ठेवा, त्यात पाणी ओतलं की माती खालून शोषून घेते, नेम धरावा लागत नाही. ओतायला मोठ्या कानाचा हलका मग, ज्याच्या कानातून सगळा पंजा आरपार जाईल, आणि एका वेळी पाव लिटरच. दुसरी युक्ती सुती वातीची : एक टोक पाण्याच्या बाटलीत, दुसरं कुंडीच्या मातीत, बाटली दादा भरेल तेव्हा भरेल. नळीला पंजाने दाबता येईल असा खटका मिळतो, तोही चालेल.

सुरुवात टपोऱ्या बियांनी करा, घेवडा, वाटाणा, सूर्यफूल, भोपळा. मुळ्याचं बी लहान असतं पण चार-पाच दिवसांत वर येतं, आणि पहिल्यांदा लवकर काही दिसायला हवं. जोडीला काचेच्या बरणीत पुदिना आणि कोलियसच्या फांद्या ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात आणि काचेतून रोज दिसतात. सकाळी उठून आधी ती बरणी बघायची सवय मी कितीतरी जणांना लागलेली पाहिली आहे. पण ही माझी यादी झाली. दादाला निवडुंगाचा छंद असेल तर? तर मग काट्यांचं काय करायचं ते बसून ठरवा, पण निवड त्याची.

काळजी कुठे घ्यायची तेही सांगते, कारण मानेच्या इजेत काही धोके वेगळे असतात. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे ऊन अंगात साठतं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच बाल्कनीत बसवा, जवळ पाण्याची फवारणीची बाटली ठेवा. चक्कर, मळमळ, चेहरा तापणं दिसलं की लगेच आत. उन्हात तापलेली कुंडी, पत्र्याचा ट्रे, नळीतलं पहिलं गरम पाणी मांडीवर येऊ देऊ नका, भाजलेलं त्याला कळणार नाही. कामात रंगला तरी दर १५ ते ३० मिनिटांनी बैठकीवरचा भार हलका करायला हवा, गजर लावा. संध्याकाळी हातापायांवर ओरखडा, काटा, फोड आहे का ते बघा. धनुर्वाताची लस झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं : छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर रक्तदाब अचानक भलताच चढू शकतो. डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. कारण बहुतेक वेळा साधं असतं. लघवीची नळी दुमडलेली असते, पोट साफ नसतं, पट्टा आवळलेला असतो किंवा मांडीखाली एखादा खडा आलेला असतो. त्याला ताठ बसवा, आडवं करू नका, कपडे आणि पट्टे सैल करा, नळी बघा, आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. छातीचा पट्टा सोडताना कुणीतरी त्याला धरून ठेवा.

कोकोपीट किंवा खताची पिशवी त्याच्या तोंडासमोर फोडू नका. त्यात कधी लिजिओनेला जातीचे जिवाणू असतात आणि धुळीबरोबर फुफ्फुसात जातात. मानेच्या इजेत खोकल्याचा जोरही कमी पडतो. बाहेर उघडून, पाणी शिंपडून, ओलं करून मग आणा. कण्हेर, रुई, चीक येणारी झाडं टाळा. चीक हाताला लागला आणि तोच हात डोळ्याकडे गेला तर दादाला चटकन धुता येणार नाही.

या विषयावर इतरही पत्रं येत असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. दृष्टी नसलेल्यांनी वाफ्यावर दोरी ताणून तिला वीतभर अंतरावर गाठी माराव्या. गाठ लागली की बी टोकायचं. ओळख वासाने आणि पानाच्या पोताने होतेच. पक्षाघातानंतर डावीकडचं जग नजरेतून निसटत असेल तर उजव्या बाजूचं सामान हळूहळू डावीकडे सरकवत न्यावं, म्हणजे मान आणि नजर तिकडे वळते. स्वमग्न मुलाला ओल्या मातीचा स्पर्श नकोसा होत असेल तर जबरदस्तीने हात बुडवू नका, लांब चमचा द्या, कदाचित महिन्याने तो स्वतःच बोट लावेल, कदाचित नाही लावणार. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्यांना उष्म्याने त्रास वाढतो. त्यांनी दहा मिनिटं काम, मग विश्रांती, आणि अजून दम आहे असं वाटतानाच थांबावं.

ताई, एक अवघड गोष्ट उरली. दादाची रोपं मरतील. पाणी जास्त होईल, कधी विसरेल, कधी त्याला नकोसं वाटेल. त्याच्या नकळत रात्री पाणी घालून ती वाचवू नका. तो जाणतो, आणि कळलं की पुन्हा दार लोटून बसेल. आईला हे सांगायची जबाबदारी तुमची. तिला म्हणा, दादाने हाक मारली तरच जायचं, आणि गेलीस की त्याने सांगितलं तेवढंच करायचं. "हे इकडे धर" म्हणाला तर धरायचं. मदत घेणं त्याला आयुष्यभर चुकणार नाही, पण मदत कशी हवी हे सांगणारा तो असला की तीच मदत वेगळी लागते. माझ्या कामात मी सगळ्यात जास्त वेळ घरच्यांना हे शिकवण्यात घालवला.

तो नाही म्हणाला तर? ऐका. एकदा विचारून सोडून द्या, महिनाभराने पुन्हा विचारा, रोज नको. बागकाम सगळ्यांना आवडतंच असं नाही आणि पूर्वी आवडणारं काम हरवलेल्या हाताची आठवण करून देतं म्हणून नकोसंही होतं. तसं असेल तर त्याला रडू द्या, बोलू द्या. पण त्याची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच जीव लागत नसेल, किंवा 'मी नसतो तर बरं' अशी भाषा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जा. त्यात उशीर करायचा नाही. रोपं त्या उपचारांच्या सोबतीला असू शकतात, त्यांच्या जागी नाही.

बोलायला सुरुवात कशी करू, असं तुम्हाला वाटत असेल. आधी माफी मागा, थोडक्यात : "कुंड्या आणताना तुला विचारलं नाही, चुकलं." मग एखादं खरंखुरं काम घेऊन जा. आईच्या कुंड्यांत झेंडू संपत आला असेल, पुढच्या खेपेला रोपं लागतील, कधी आणि किती टाकायची हे त्याला पूर्वीपासून तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तेच विचारा. तो म्हणेल "बघू." मग बघू द्या. घेवड्याचं बी आणि रिकामा ट्रे टेबलावर ठेवा, काही बोलू नका. आणि तो खरंच टेबलाशी आला, तर मग ट्रे कुठे ठेवायचा, बरणी कोणत्या बाजूला हवी, हेही त्यालाच विचारा.